धागा ओळखा, मग टाके घाला



उन्हाळ्यात तुमच्या पत्रांतून कुरडया-पापडांची विचारणा असते, पावसाळ्यात लेकरांच्या सर्दी-खोकल्याची, आणि दिवाळी सरली की स्वेटरची. यंदाही एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या रानात गहू आणि कांदा आहे. आठवड्यातले काही दिवस शेतीची वीज रात्रीची असते. मालक रात्री बाराला मोटार सुरू करायला जातात, ते दारी धरून, भिजून, कुडकुडत पहाटे घरी येतात. "त्यांच्यासाठी स्वेटर विणायचा आहे. टाके मला येतात, पण हाताशी पैसे बेताचे आहेत. लोकर स्वस्तातली घेऊ की महागातली?" असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमचे पत्र वाचले आणि मला माझेच दिवस आठवले. हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि त्या वेळी विचारायला कोणी नव्हते. म्हणून मी चार स्वेटरांची फी भरून ते शिक्षण घेतले. तुम्हाला ती फी पडू नये, म्हणून आज सगळे उघड करून सांगते. माझ्या फजितीला हसायचे तर खुशाल हसा.

पहिला स्वेटर मी विणला तो मोरपंखी रंगाचा. तालुक्याच्या बाजारातून गुंडे आणले. दुकानदार म्हणाला, "एक नंबर लोकर आहे, वहिनी." हाताला लोण्यासारखी मऊ, रंग झळझळीत आणि किंमत परवडणारी. पंधरा दिवसांत भरबाह्यांचा स्वेटर तयार केला. ह्यांनी तो घातला तेव्हा शेजारपाजारच्या बायका पाहायला आल्या. मीही जरा मिरवून घेतले.

आठवड्याभरातच ह्यांनी बांधावर शेकोटी पेटवली. तुरीच्या काड्या तडतडल्या आणि दोन-चार ठिणग्या अंगावर उडाल्या. सुती सदऱ्यावर ठिणगी पडली तर आपण झटकून टाकतो. इथे झटकायच्या आत ती जागा वितळली. छातीवर तीन भोके पडली, त्यांच्या कडा काचेसारख्या टणक झाल्या. एक वितळलेला थेंब मनगटावर चिकटला, तो सोलूनच काढावा लागला. हरभऱ्याएवढा तो डाग अजून आहे. हे कधी त्याबद्दल बोलले नाहीत, पण भाकरी वाढताना माझे लक्ष तिथे जातेच.

बायांनो, आपल्याकडे गुंड्यात जे जे मऊ मिळते त्या सगळ्याला आपण लोकरच म्हणतो. पण त्यातली पुष्कळशी 'लोकर' कोणत्याही मेंढीच्या अंगावर वाढलेली नसते. ते असते ॲक्रिलिक. हा धागा खनिज तेलातून निघालेल्या द्रव्यांपासून कारखान्यात तयार होतो. त्याला मी वाईट म्हणणार नाही. तो स्वस्त असतो, धुवायला सोपा असतो, त्याला कसर लागत नाही, रंगही टिकतो. पोरांचे शाळेचे स्वेटर, मफलर, देवघरातले तोरण, यांना तो उत्तम. पण चुलीजवळ बसणाऱ्या बाईच्या आणि शेकोटीजवळ बसणाऱ्या गड्याच्या अंगावर तो नको. पाळण्यातल्या बाळाला शेगडीने शेकताना तर अंगावर मुळीच नको. त्याच्यावर गरम इस्त्री ठेवली तरी विणीतला जीव जातो आणि कापड लोळागोळा होते.

धागा ओळखायची युक्ती सोपी आहे. बोटभर तुकडा चिमट्यात धरा, खाली पाणी घातलेली परात ठेवा आणि टोकाला काडी लावा. लेकरे जवळ नसताना हे करा. ॲक्रिलिक भरभर पेटते, वितळते आणि शेवटी काळा टणक मणी उरतो. खरी लोकर पेटायला कुरकुर करते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की ती बहुधा आपोआप विझते, आणि राहिलेली काजळी बोटांनी चुरडता येते. सूत कागदासारखे जळते, वासही कागदाचा, आणि मागे हलकी राख. मिसळ धागा असेल तर दोन्ही लक्षणे दिसतात. ही परीक्षा मी आता प्रत्येक नव्या धाग्याची करते. दुकानदार रागावत नाही. त्याने रागवावे तरी का?

दुसऱ्या वर्षी मी चंग बांधला की खरीच लोकर आणायची. अंड्यांचे पैसे सहा महिने डब्यात साठवले आणि पुण्याला जाणाऱ्या दिरांबरोबर पैसे पाठवले. राखाडी रंगाची, अस्सल मेंढीची, चार पदरी लोकर आली. मेरिनो नावाच्या मेंढीची लोकर फार बारीक तंतूंची, म्हणून अंगाला मऊ लागते, हे मला तेव्हा कळले. तो हिवाळा ह्यांचा सुखात गेला. ठिणगी पडली तरी जागा नुसती काळी होई.

मग आला शिमगा. थंडी सरली, आता स्वेटर धुऊन ठेवावा म्हणून मी काय केले, तर चुलीवरच्या उकळत्या पाण्यात सोडा टाकला आणि बाकीच्या कपड्यांबरोबर त्यालाही बुडवले. वर दगडावर चांगला घासला. वाळल्यावर घडी घालायला गेले, तर स्वेटर आमच्या आठ वर्षांच्या मुलाच्या मापाचा! कापड जाड, ताठ, नमद्यासारखे. टाके दिसेनात. सहा महिन्यांची अंडी एका सकाळी गेली. मी पदर तोंडाला लावून न्हाणीत रडले, हे आज पहिल्यांदा सांगते आहे.

असे का होते? लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखी बारीक खवली असतात. गरम पाण्यात आणि साबणात ती उभारतात. त्यात घासले, की एका तंतूची खवली दुसऱ्यात अडकतात आणि कापड आटत जाते. एकदा आटलेले पुन्हा सुटत नाही. म्हणून लोकर थंड पाण्यात धुवावी. सोडा घालू नये. रिठ्याचे पाणी सर्वांत चांगले. घासायचे नाही, पिळायचे नाही. हाताने हलके दाबायचे, मग जुन्या धोतरात गुंडाळून पाणी टिपायचे आणि सावलीत खाटेवर पसरून वाळवायचे. दोरीवर टांगले तर ओल्या वजनाने स्वेटर लांबतो. ठेवताना पूर्ण कोरडा करून, कडुलिंबाचा वाळला पाला घालून ठेवा आणि मधून मधून ऊन दाखवा, म्हणजे कसर लागत नाही.

आटलेला स्वेटर मात्र फुकट गेला नाही. तो कापला तरी उसवत नाही, असे लक्षात आले. त्याची चुलीवरची भांडी उतरायची जाड चौकटे केली आणि नणंदेच्या बाळाला पायमोजे शिवले. ती चौकटे दहा वर्षे टिकली.

तिसऱ्या खेपेला मी शहाणपण चालवले. म्हटले, कापूस आपला, सूत आपले, मग परकी लोकर हवी कशाला? जाड सुताच्या लड्या आणल्या. वीण अशी सुबक आली की सांगता सोय नाही. पण सुताला लोकरीसारखी लवचीक उसळी नसते. ताणले की ते ताणलेलेच राहते. शिवाय सूत पाणी पिते आणि धरून ठेवते. त्या रात्री दव पडले होते, दारे फोडताना ह्यांच्या बाह्या भिजल्या. पहाटे घरी आले तेव्हा स्वेटर गुडघ्यापर्यंत लोंबत होता आणि बाह्यांतून हाताची बोटेसुद्धा दिसत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा नवऱ्यासाठी विणलास की बुजगावण्यासाठी?" सगळे घर हसले. पण ह्यांचे ओठ निळे पडले होते, ते पाहून मला हसू आले नाही. ओले सूत अंगावर ठेवणे म्हणजे थंडीला घरात बोलावणे. मी कपडे बदलले, पाय शेकले, गवती चहा दिला, आणि तो स्वेटर त्याच दिवशी उसवला.

त्याच सुताची मी उन्हाळ्यात बाळाची टोपडी केली, अंग पुसायचे पंचे केले, भांडी पुसायची फडकी केली. तिथे ते सूत सोन्यासारखे वागले. सुतळीवरही एकदा हात चालवला. जाड सुयांवर बाजाराची पिशवी विणली. बोटांना फोड आले, पण पिशवीने पाच किलो कांदे हूं की चूं न करता उचलले. तेव्हा मला जे समजले ते हेच, की वाईट धागा असा नसतो. चुकीच्या कामाला लावलेला धागा असतो. ज्या पाण्याने सुताचा स्वेटर बिघडला, तेच पाणी टिपायला सुताचे फडके लागते.

आता चौथा स्वेटर. आमच्या माण भागात हंगाम निघाल्यावर मोकळ्या रानात खतासाठी धनगरांचे वाडे बसवतात. त्या वर्षी आमच्या रानात वाडा बसला होता. मी भाकरी घेऊन गेले, तर एक आजी टकळी फिरवत बसल्या होत्या. काळ्या लोकरीचा पेळू डाव्या हातात, टकळी मांडीवर घासून सोडलेली, आणि धागा आपला निघतो आहे. मी त्यांना माझ्या तीन स्वेटरांची कथा सांगितली. आजी पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "आगं, शेरात कशाला हिंडतीस? तुझ्या रानात चारशे मेंढरं बसल्याती की!"

मी म्हटले, "पण आजी, ही लोकर टोचते."

"टोचती की. पर अंगाला टोचती तशी थंडीलाबी टोचती."

आजींचे खरे होते. आपली दख्खनी मेंढी काटक. ऊन, पाऊस, मैलोगणती चाल सोसणारी. तिची लोकर जाड तंतूंची आणि त्यात केसही मिसळलेले. म्हणून ती मऊ नाही. पण तिच्या घोंगड्याखाली पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे रानात पावसात उभी राहिली. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका दमटपणा पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. रात्रीच्या पाण्याला याहून चांगले काय हवे?

आजींनी मला दोन गोष्टी शिकवल्या. घोंगड्याच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणजे मागावर धागा ताठ राहतो. विणकामाला तो ताठपणा चालत नाही. तेव्हा खळ न लावलेला धागा घ्यायचा, आणि दोन धागे एकत्र करून उलटा पीळ द्यायचा, म्हणजे वीण तिरकी जात नाही. दुसरी गोष्ट जावळाची. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ती लोकर मोठ्या मेंढीच्या लोकरीपेक्षा पुष्कळ मऊ. आजींनी मूठ-दोन मुठी जावळ वेगळे काढून दिले. म्हणाल्या, "मानंला ह्ये लाव."

धागा तयार झाला. पण माझी हौस पाहा, मी जुन्याच हिशेबाने पाठीला ९५ टाके घातले. बाजारच्या लोकरीचे इंचाला ५ टाके बसत, म्हणजे पाठ १९ इंच. हा धागा जाड, त्याचे इंचाला ४ टाके बसले. पाठ झाली जवळजवळ २४ इंच, म्हणजे पोतेच. सगळे उसवले. तेव्हापासून माझा नियम असा, की नवा धागा हाती आला की आधी २४ टाक्यांचा एक चौकोन विणायचा, तो धुऊन वाळवायचा आणि पट्टी ठेवून मधल्या इंचात किती टाके बसतात ते मोजायचे. त्या आकड्याने छातीच्या मापाला गुणायचे. अर्ध्या तासाचे हे काम पंधरा दिवसांची मेहनत वाचवते.

सदऱ्यावरून घालायची ती बंडी मी अशी विणली. छाती ३६ इंच, सैलपणासह तयार माप ४० इंच. इंचाला ४ टाके बसणारा सुमारे अर्धा किलो धागा, आणि ६ व ८ नंबरच्या सुया. आकडा लहान तितकी सुई जाड, हे ध्यानात ठेवा. पाठीसाठी ८ नंबरच्या सुईवर ८२ टाके घालून एक सुलट, एक उलट असा अडीच इंच काठ विणा. मग ६ नंबरच्या सुया घेऊन एक ओळ सुलट, एक ओळ उलट, असे एकूण १५ इंच होईपर्यंत जा. मुंढ्यासाठी पुढच्या दोन ओळींच्या आरंभी ५-५ टाके बंद करा. नंतर एक ओळ सोडून एक, असे पाच वेळा दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करा. ६२ टाके राहतील. मुंढा १० इंच झाला की खांद्यांचे १७-१७ आणि मधले गळ्याचे २८ टाके बंद करा.

पुढचा भाग मुंढ्यापर्यंत तसाच. ५-५ टाके बंद केल्यावर राहिलेल्या ७२ टाक्यांचे ३६-३६ असे दोन भाग करून प्रत्येक भाग वेगळा विणा. मुंढ्याकडे पाठीप्रमाणेच ५ टाके कमी करा आणि गळ्याकडे एक ओळ सोडून एक, असे १४ टाके कमी करा. खांद्याला १७ राहतील. पाठीइतकी उंची झाली की बंद करा. खांदे आणि बाजू शिवा. मुंढ्याच्या कडेने टाके उचलून ८ नंबरच्या सुईने इंचभर काठ विणा. गळ्याचा काठ मात्र जावळाच्या मऊ धाग्याचा. गळ्याच्या टोकाशी, मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना, एक ओळ सोडून एक, दोन-दोन टाके एकत्र घ्या, म्हणजे काठ नीट वळतो.

ही बंडी ह्यांनी बारा हिवाळे घातली. पहिल्या दिवशी म्हणाले, "टोचते." तिसऱ्या दिवसापासून बोलणे बंद झाले. पुढच्या वर्षी स्वतःच ट्रंकेतून काढून उन्हात टाकली. आता मोटारीवर मुलगा जातो. त्याच्याकडे बाजारचे जाकीट आहे, पण शेकोटी करायची असली की तो बंडीच मागतो.

मन खट्टू होते ते दुसऱ्याच गोष्टीने. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, इतका तिचा मान. पण हल्ली दख्खनी लोकरीला भाव राहिलेला नाही. कातरायची मजुरी सुटत नाही, म्हणून किती तरी मेंढपाळ कातरलेली लोकर रानातच टाकून देतात. आपण एकीकडे गुंडे विकत आणतो आणि आपल्याच बांधावर लोकर पावसात कुजते.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. स्वस्त की महाग, हे नंतर पाहा. आधी पाहा की तो स्वेटर कुठे जाणार आहे. तुमचा स्वेटर पाण्यात, दवात आणि शेकोटीपाशी जाणार आहे, तेव्हा तो मेंढीच्या लोकरीचाच हवा. जवळपास धनगरवाडा असेल तर भाकरी बांधून तिथे जा. नसेल तर घरातला जुना लोकरी स्वेटर उसवा. पण आधी आतली शिवण पाहा. शिवणीतली कड कापून दोऱ्याने बांधलेली असेल तर धागा तुकड्यांनीच निघेल. कड अखंड टाक्यांची असेल तर एकसंध निघेल. धाग्याची लड करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात हलकेच बुडवून काढा आणि ओली असतानाच खाली थोडे वजन लावून टांगा. वाकडेपणा जातो आणि धागा नव्यासारखा होतो. यात पैसा लागत नाही, फक्त दोन संध्याकाळी लागतात.

आणखी एक. बाजारचे गुंडे घेतलेच, तर लागतील तितके एकदम घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर सगळ्यांवर एकच आहे ना, ते पाहा. नाही तर एक बाही पोपटी आणि दुसरी हिरवी, अशी गत होते. हेही अनुभवाचेच बोल आहेत, पण ती फजिती पुन्हा कधी तरी.

त्या आजींचा वाडा पुढे चार वर्षे आमच्या रानात बसत होता. पाचव्या वर्षी वाडा आला, आजी आल्या नाहीत. त्यांच्या सुनेने टकळी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आत्तीनं सांगितलं हुतं, त्या इणनाऱ्या बाईला दे." ती टकळी माझ्या देवळीत आहे. आमच्या नातीला फिरवायला येते.

तुम्ही विणायला घ्या, आणि पहिला चौकोन झाला की इंचाला किती टाके बसले ते मला कळवा. पुढचे आपण मिळून पाहू.